बिनवासाचं तेल

औषधांच्या दुकानात चेहऱ्याच्या तेलावरून मायलेकींची जुंपली होती. रांगेत त्यांच्या मागे उभ्या असलेल्या शिंपीणबाईंनी कान टवकारले.

“आई, हे गुलाबाचं घे. वास बघ कसला गोड आहे!”

“नको. ते जोजोबाच्या बियांचं बरं. त्याला वास नसतो.”

“जन्मभर तोंडाला पाण्याशिवाय काही लावलं नाहीस. आता एकदम काय?”

“कातडी कोरडी पडलीय गं. तुझ्या बाबांच्या बोटांना टोचते.”

“टोचू दे की!”

“त्यांची नजर गेली तेव्हा मी चाळिशीत होते. त्यांच्या लेखी अजून तेवढीच आहे.”

“मग गुलाब आवडेल त्यांना.”

“वास आला की विचारतील, कशाला लावलंस?”

“आई, बाबांना कळत नसेल होय?”

“कोण जाणे. परवा माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘हल्ली माझीच बोटं खरखरीत झालीत.’”