आमी फकस्त टाक आणायला गेलतो

...आणि वर ही शेजारची सोजरबाई मलाच म्हणते कशी, "कुंडलिकदादा, तुमी गप उभं ऱ्हावा, तुमी तोंड उघडलं की सगळं फिसकटतं!" आता मला सांगा, मी तोंड उघडलं कवा? तुमाला सांगतो, सकाळच्या आगगाडीत बसल्यापास्नं माघारी चाळीत येईस्तवर मी सात येळा बोललो असंन, त्यात चार येळा 'व्हय' आणि तीन येळा 'बरं'! तरी फिसकटवणारा मीच! अहो, ऐतवार व्हता की! गिरणीवाल्याला आठवड्यात एक दिवस मिळतोय पाठ टेकायला, भोंगा न्हाय, मुकादम न्हाय, आणि त्याच दिवशी आमची बजाबाई मला गदगदा हालवून म्हणती, "उठा, सोजरबाईबरुबर जायचं हाय. तीन बाया एकल्या कशा जातील? संगट गडीमाणूस नको?" म्हणलं, त्या सोजरबाईला सोबत कशाला? सोबत तिच्यापास्नं वाचायला लोकास्नी पायजे!

पर गेलो. न जाऊन सांगतो कुणाला? आमच्या दोघांच्या खोल्यांमदी नुसता पत्रा हाय. तिकडं सोजरबाई शिंकली की हिकडं आमची बजाबाई 'जीव बरा हाय न्हवं?' म्हणून इचारती. पत्र्याला पत्रा लावून ऱ्हायचं म्हंजी वैर परवडत न्हाय, मंडळी. आणि काम तरी केवढं? टाक आणायचा. बास. एवढाच. नखाएवढा चांदीचा टाक! आमी फकस्त टाक आणायला गेलतो, हे ध्यानात ठेवा, म्हंजी फुडं तुमी मला दोष देणार न्हाय.

टाक म्हंजी ठावं हाय न्हवं? पयली बायकू मेली आणि गड्यानं दुसरी केली, की दुसरीनं पयलीचा टाक गळ्यात घालायचा. चांदीचा पत्रा, त्यावर बाईचं चित्र ठोकल्यालं. मग सण असू दे, वार असू दे, पयला घास त्या टाकाला, पयलं हळदकुंकू टाकाला, नवं लुगडं आणलं तर घडी मोडायच्या आदी टाकाला दाखवायचं. न्हाईतर मेलेली सवत पिडती म्हणत्यात. जिती सवत परवडली, तिच्याशी भांडता तरी येतं!

तर ह्या सोजरबाईची आई मानमोडीच्या साथीत गेली. वरीस व्हायच्या आत बाप धोंडप्पा अक्कलकोटाकडं आपल्या गावाला गेला, जत्रेला म्हणून, आणि तिकडंच दुसरी करून बसला. चौदा वरसं! एवढी मोठी जत्रा मी तरी कुटं ऐकली न्हाय. हिकडं सोजर तेरा वरसांची, तिच्या खाली कस्तुरा सहाची, आणि अंबू पाळण्यात. सोजरनं गिरणी धरली, दोगींना वाढवलं. तिचं सोताचं लगीन लहानपणीच झालतं, सासरचा माणूस न्यायला आला तर ही दारात उभी ऱ्हाऊन म्हणली, "दोन पोरी हायत माज्या पदरात, त्यास्नी घेऊन नांदाया येते, चालतंय का?" तो माणूस जो गेला तो गेलाच! ह्या सगळ्याचं तिला काय वाटलं न्हाय बघा. एकच गोष्ट तिच्या काळजात रुतली व्हती. "माजी आई त्या बाईच्या गळ्यात! माज्या आईला गळ्यात घालून ती बया गावभर मिरवती!" रोज. पत्र्याच्या अल्याड मला पाठ झालतं.

त्यात ती दुसरी बाई दोन वरसामागं वारली, आणि आता बाप बी गेला. चुलत्याचा, सिद्धाप्पाचा, निरोप आला की तेराव्याला या. सोजरबाई डोळ्यात पाणी न आणता म्हणली, "बापासाठी न्हाय जायचं. आई आणायला जायचं. दुसरं काय बी आणायचं न्हाय." अंबू म्हणली, "अक्का, तितं आपली एक भण बी हाय म्हणं." सोजरबाई म्हणली, "असू दे. मी टाक म्हणले."

ऐकलं न्हवं? टाक!

तर आगगाडी, मग अक्कलकोट रोड ठेसनावर छकडा, आणि त्या छकड्यात कस्तुरा सगळी वाट आरशात बघून भांग नीट करतीया, अंबू शेंगा खाऊन टरफलं माज्या मांडीवर टाकतीया, आणि मी अंगात गिरणीच्या मास्तरनं दिल्याला जुना काळा कोट घालून भर उनात भाजतोय. कोट कशाला? तर बजाबाई म्हणली, तेराव्याला जाताना माणसागत दिसा! हा कोट ध्यानात ठेवू नका, मलाच इसरायचा हाय तो.

गावात पोचलो. पंगती उठल्यात, सिद्धाप्पा हात जोडून "बर्री, बर्री" करतोय, या बसा म्हणतोय. सोजरबाई बसली न्हाय. सरळ देव्हाऱ्यापाशी. बिरोबा हाय, मायाक्का देवी हाय, टाक न्हाय! "काका, आमची आई कुटं हाय?" सिद्धाप्पा डोकं खाजवतोय. "हाय की... हाय हितंच... पर पोरी, आदी जेवून घे." अहो, जेवून घे म्हणला की समजायचं, काय तरी गडबड हाय!

आणि मग त्यानं नुसतं बोट केलं. अंगणात बारा वरसांची एक पोर राखंनं भांडी घासत बसल्याली. उनानं काळवंडलेली, येणी शेपटीएवढी. नाव तिचं मायाक्काच, देवीचं ठेवल्यालं. आणि तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात टाक!

अरारारा! तुमाला सांगतो, सोजरबाईचा आवाज असा चढला की पंगतीतली उरलेली दोन म्हातारी बुंदी टाकून उठली. "सवतीनं घालायचा टाक, पोरीच्या गळ्यात? कुवार पोरीच्या? अक्कल कुटं गेली गावाची?" सिद्धाप्पा म्हणतोय, "मी न्हाय बांधला! हिची आई गेली, मातीवरनं माघारी आलो, बघतो तर हिनं आईच्या गळ्यातला काढून सोताच्या गळ्यात बांधल्याला! कुणाला इचारलं न्हाय, सांगितलं न्हाय! आता त्यो टाक बघून कोण हिला पदरात घेणार? चार पावणे माघारी गेलं. जो येतो तो म्हणतो, लग्नाआदीच सवत गळ्यात घिऊन बसलीया!" मग आवाज बारीक करून म्हणतो कसा, "म्हणून म्हणलं, सवत हायच आयती, तर बिजवराला देऊन टाकू. बाळासो म्हणून हाय एक, चाळिशीचा. बायकू मेलीया त्येची. हो म्हणलाय. फुडल्या महिन्यात हळद लावू."

बघा की! पोरीला टाक हाय म्हणून तिला बिजवर! डोकं म्हणायचं का काय! पर त्याचंबी खरं, त्याला सोताची पाच, घरात ज्वारीचं पीठ बघून बघून मळायचं. वाईट न्हवता माणूस. दमलेला व्हता.

मी मनात म्हणलं, आता सोजरबाई बोलंल. पर न्हाय! ती म्हणली, "मला काय करायचं त्येचं? तुमची पोर, तुमी बघा. माजा टाक द्या." कस्तुरानं आरसा पदरात लपवला. अंबूच्या तोंडातली शेंग तोंडातच. आणि खरं सांगतो, मला बी राग आला तिचा. पर बरं म्हणलो नुसतं.

पोरगी उठली. हात धुतलं, परकराला पुसलं, दोरा सोडला. रडली न्हाय, कुरकुरली न्हाय. टाक परकराच्या टोकानं पुसला आणि सोजरबाईच्या हातावर ठेवताना म्हणली, "अक्का, हिला गरम भाकरी देऊ नगं, निववून दे. शेंगाची चटणी आवडती. तिखट वाईच कमी. आणि एकलीला ठेवू नगं, बोलत जा तिच्याशी. दोड्डव्वाला गप बसल्यालं आवडत न्हाय."

दोड्डव्वा! थोरली आई!

सोजरबाई म्हणली, "तुला कुणी सांगितलं हे?"

"अव्वानं. अव्वा रोज घास ठेवायची की. मग अव्वा गेली. मग दोड्डव्वाला कोण बघणार? म्हणून मी बांधला." आणि मग ती पोर म्हणती, "तू सोजरअक्का न्हवं?"

"तुला कसं कळलं?"

"रोज नाव घेते की तुजं." आणि हात जोडून, डोळे मिटून, पोरगी शाळेतल्या पाढ्यागत म्हणाया लागली, "दोड्डव्वा, तुजी सोजर, तुजी कस्तुरा, तुजी अंबू, तिगी बी सुखात ऱ्हाऊ देत, त्यांच्या पोटाला मिळू दे, आमच्यावर राग धरू नगं." डोळे उघडून म्हणली, "अव्वानं असं शिकवलंय. जेवायच्या आदी म्हणायचं. न्हाईतर घास घ्यायचा न्हाय."

मंडळी, चौदा वरसं! सोलापुरात ही बाई पत्र्याच्या आड त्या बाईला रोज शिव्या घालतीया, आणि तिकडं ती बाई हिच्या पोटाला मिळावं म्हणून रोज हात जोडतीया, आणि ती मेली तर तिची पोर जोडतीया! सोजरबाई खाली बसली. त्या राखंत, भांड्यात, बसली. चौदा वरसांत मी तिला रडताना पाहिली न्हवती, ती अशी रडली की सिद्धाप्पाची म्हस दावं तोडाया लागली. मी बी जरा... कोटात ऊन लागलं व्हतं मला, डोळ्यात घाम गेला.

डोळे पुसून उठली आणि म्हणली, "मायाक्का, कापडं घे तुजी."

आता सांगा! आमी फकस्त टाक आणायला गेलतो का न्हाय?

सिद्धाप्पा आडवा आला. "असं कसं? मी शब्द दिलाय बाळासोला!" तशी सोजरबाईनं माज्या दंडाला धरून मला फुडं वडला. "काका, हे कोण हायत ठावं हाय का? चौदाच्या आतल्या पोरीचं लगीन लावलं तर खटला भरतंय सरकार, नवा कायदा झालाय. सोलापुरास्नं आल्यात हे. काळा कोट दिसत न्हाय तुमाला?" अहो, मी गिरणीत सूत गुंडाळणारा माणूस! काय करावं कळंना, म्हणून खिशात हात घातला, आगगाडीचं तिकीट हाताला लागलं, ते काढलं, आणि त्येच्याकडं लई गंभीर हून बघितलं. सिद्धाप्पाचं तोंड उतरलं. "रावसाब," म्हणला, "ताक घेता?"

मी म्हणलं, "व्हय."

चौथा 'व्हय' त्यो!

पर निघताना त्या माणसानंच घरातनं सोताचं घोंगडं आणलं, पोरीच्या अंगावर टाकलं, आणि म्हणला, "सोजर, हिला मी सुखानं देत नव्हतो गं त्येला. दुसरं कुणी मागंना." सोजरबाई त्येच्या पाया पडली. मी बी पडलो. सरकार पाया पडतंय म्हणून बिचारा आणखीच घाबरला!

माघारी येताना छकड्यात चार पोरी आणि मी चाकावरल्या फळीवर. कस्तुरानं आरसा काढला आणि पयल्यांदा दुसऱ्या कुणाची तरी येणी घातली. अंबूनं मूठभर शेंगा दिल्या, ह्या पोरीनं पयली शेंग सोलून टाकाला दाखवली आणि मग खाल्ली. सोजरबाई तिकडं बघत न्हवती. बघत न्हाय असं दाखवत व्हती.

आता तुमी म्हणाल, चांगलं झालं की! झालं की चांगलं! मी कुटं न्हाय म्हणतोय? पर पत्र्याच्या अल्याड कोण ऱ्हातंय? मी! आदी तीन आवाज व्हते, आता चार! पहाटं भोंग्याच्या आदी सुरू. "दोड्डव्वा, आज सोजरअक्का लई वरडली." "दोड्डव्वा, अंबूअक्कानं माजी फणी घेतली." त्यावर सोजरबाई वरडती, "माज्याच आईला माजीच चहाडी सांगतीस व्हय गं?" आणि मग तिगी-चौगी हसत्यात, आणि माजी झोप खलास. बजाबाई पत्र्याला कान लावून बसती, मला च्या मिळत न्हाय.

आणि गेल्या ऐतवारी, ऐका, मी पाठ टेकली न टेकली तोवर सोजरबाई दारात. हातात रुमाल, रुमालात तिची जोडवी. सासरची. कवा नांदाया गेली न्हाय, पर घातलेली व्हती इतकी वरसं. म्हणली, "कुंडलिकदादा, सोनाराकडं जावा. एक टाक ठोकून आणा."

म्हणलं, "आणि कुणाचा?"

"हिच्या आईचा." आणि खाली बघून म्हणली, "पोरगी सगळ्यांसाठी मागती, सोताच्या आईसाठी घास ठेवत न्हाय. इचारलं तर म्हणती, अव्वाचा टाक न्हाय न्हवं. मला घास जाईना, दादा."

गेलो. न जाऊन सांगतो कुणाला? सोनारानं जोडवी बघितली, माज्याकडनं समदं ऐकून घेतलं, मला बघितलं, म्हणला, "पाव्हणं, थोरलीचा टाक धाकटी करती, हे ऐकलंय. धाकटीचा टाक थोरलीच्या पोरीनं केल्याला सबंध सोलापुरात कुणी पाहिला न्हाय. एक आई हाय की घरात, दुसरी कशाला?"

मी म्हणलं, "तू आपला ठोक रं बाबा. चार पोरी हायत. एकल्या आईनं कुटंकुटं बघायचं!"