सोन्या पहिला आला होता का?

राव, ‘पुरावा बघा, बाजू घेऊ नका,’ हे कॉलेजात इतिहास शिकवताना माझं रोजचं कीर्तन. चाकणजवळच्या आमच्या गावाचा इतिहास लिहायला बसलो, तर वडील म्हणाले, “बैलगाडा शर्यतीत आपला सोन्या पहिला आला हुता, ते लिही.”

“दादा, बबनकाकांनाही विचारायला पाहिजे.”

“त्यो काय सांगणार? त्याचाच बैल हरला!”

तरी गेलो. काका गॅलरीत बसून समोरच्या कंपनीकडे बघत होते. बैल पळायचे तो घाट तिच्या पार्किंगखाली गेलाय.

“काका, खरं सांगा, पहिला कोण आला होता?”

त्यांनी पार्किंगकडे बोट केलं. मग म्हणाले, “तुमचा लिही, न्हाईतर आमचा लिही. पन हितं घाट हुता, येवढं ठासून लिही.”

निकाल मी लिहिलाच नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा बाजू घेतली, राव. घाटाची.