राहिलेली करंगळी

प्लेगाला चाळीस वर्षं उलटली होती. रवळनाथाच्या रांगेत कंग्राळीचा भरमू नारळ धरून उभा होता. त्याच्या पाठीमागं एक म्हातारा आणि शहापूरची एक म्हातारी बोलत होती.

"गाठोड्यात काय जड हाय, आप्पा?"

"छिन्नी हाय, बाई. ह्यो देव मीच घडवलोय, प्लेगाच्या साली."

"अगं बाई! मग आज छिन्नी कशाला?"

"उजव्या पायाची करंगळी खरबरीत ठिवलोय. गुरू म्हणालते, सगळं तूच करू नको, कायतरी देवासाठी सोड. सोडलो. पर आता जायाची वेळ आली, आन् जीव थाऱ्यावर न्हाय. काम अर्धं टाकून कसं जाऊ?"

"त्या करंगळीनंच लगनाच्या साली माझं कपाळ खरचटलंतं. ह्यो बघा वण."

"चुकलं माझं, बाई. आज घासून देतो."

"आता काय घासताय? एवढ्या वर्सांत किती कपाळं टेकली तिथं! लोण्यावानी मऊ झालीया."

भरमूनं बाजूला सरून म्हाताऱ्याला पुढं वाट दिली आणि गाठोड्यासाठी हात पुढं केला.

"गाठोडं माझ्याजवळ ठिवा, आप्पा, आन् कपाळ टेका. आता लागत न्हाय."