बांध मी स्वतः सोडला

लिहून घेणार असाल, तर माझ्या तोंडचं लिहा, मुलाचं ऐकून नको. माझा जन्म शाहूवाडीच्या डोंगरउतारावरचा, वडिलांची चार भातखाचरं, आणि चालायला शिकलो तो हातभर रुंदीच्या बांधावर. पुढे छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, तेही उभं राहून. खुर्चीत बसून शिकवलेलं मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही, हे माझं मत आजही कायम आहे. मेहुणे सांगत फिरतात की त्या उभं राहण्यानंच गुरुजींचा पाय गेला. काय सांगू तुम्हाला, शाळेत मी दोन्ही पायांवर उभा होतो, मग डावा कसा शाबूत राहिला, याचं उत्तर त्यांनी अद्याप दिलेलं नाही.

मुलगा उचगावला असतो. तो म्हणतो, आण्णांचा पाय वाकडा पडतोय हे पहिल्यांदा मला दिसलं. साफ चूक. ते दिसलं त्याच्या आईला. आमच्या पिढीत नवरा पुढे आणि बायको चार पावलं मागे अशी चाल, त्यामुळे माझे पाय मागून पाहिले ते तिनंच. बाजाराला जाताना म्हणाली, अवो, उजव्या पायाची बोटं मला मागनं दिसाय लागल्यात, डाव्याची दिसत न्हाईत. मी म्हणालो, रस्त्याकडं बघून चाल. ही चूक माझी, ती मी कोणाला वाटून देत नाही. घोट्याच्या आतल्या बाजूला सूज होती, तळव्याची कमान खाली बसत चालली होती, आणि मी दोन वर्षं, शिरेवर शीर चढली म्हणून, पाय चोळून घेत राहिलो.

शेवटी कोल्हापुरात हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, वयानं माझ्या विद्यार्थिनीएवढ्या. म्हणाल्या, गुरुजी, नुसत्या उजव्या पायावर उभे राहा आणि टाच उचला. टाच उचलेना. मी म्हणालो, फरशी गुळगुळीत आहे. त्या म्हणाल्या, बरं, आता डाव्या पायाची उचला. ती उचलली. तेव्हा आमची ही बोलली, फरशी उजवीकडंच गुळगुळीत हाय वाटतं. मला हसू आलं नाही, हेही लिहा.

मग बाईंनी समजावलं की कमान तोलून धरणारी आतली शीर निकामी झाली आहे, आधी आला असता तर बुटातल्या आधारावर कदाचित भागलं असतं, आता सांधे झिजून ताठ झाले आहेत, तेव्हा पाऊल सरळ करून ते सांधे स्क्रूनं कायमचे जोडावे लागतील. दुखणं बरंचसं जाईल, रस्त्यानं चालाल, पण पाऊल डावी-उजवीकडे कलणार नाही, म्हणून बांधावरचं चालणं विसरा.

गावात म्हणतात, मुलानं धाक दाखवून ऑपरेशनच्या कागदावर सही घेतली. खोटं आहे. मी आठ दिवस मागून घेतले आणि एका सकाळी एकटाच खाचराकडे गेलो. बांधाच्या मध्यावर पाय असा धरला की पुढे जाता येईना आणि मागे फिरता येईना, तिथंच बसलो. शेजाऱ्यानं मला रस्त्यावर आणलं ते हात धरून, पाठुंगळी नव्हे, तो काहीही सांगू दे. पण तिथं बसल्या बसल्या मला उमगलं की बांध माझ्याकडून आधीच गेलेला आहे, आता प्रश्न उरला तो रस्त्याचा. दुसऱ्या दिवशी मी सही केली. तीन महिने पाऊल टेकवलं नाही, पुढेही बरेच दिवस सूज राहिली.

आता भाताची लावण असली की रस्त्याच्या कडेला तासभर उभा राहतो, दुखत नाही. खाली चिखलात ही आणि लावणीपुरता उचगावहून आलेला मुलगा रोपं लावतात, ओळी वाकड्या जातात, मी वरून सांगतो. ही मान वर न करता म्हणते, अवो, तितनं वरडून रोप सरळ हुतंय व्हय. कोणी ऐकत नाही. ओळी वाकड्याच आहेत, यावर मी ठाम आहे. पण त्यांतही दाणा चांगला भरो, माझं काही म्हणणं नाही.