अप्पा बोडसांनी ड्रॅगनची पोथी लावली

झालं नामस्मरण? उघडा डोळे! मंडळी, एक प्रश्न विचारतो, खरं उत्तर द्यायचं. जिचा शेवट लागेल की नाही ठाऊक नाही, अशा गोष्टीला सुरुवात करावी की करू नये? बघा, पहिल्या रांगेतले काका लगेच मान हलवतायत — करू नये! काका, या वयात घरावर दुसरा मजला चढवायला घेतलाय ना तुम्ही? मग!

ऐका तर. गुहागरच्या बाजूला एका वाडीत नरहरअप्पा बोडस राहतात. पोथी सांगण्यात उभा जन्म गेला. श्रावणात कुणाच्याही ओटीवर पोथी लागली की आवाज अप्पांचाच! आणि नियम कडक — धरलं ते तडीस न्यायचं. वाडीतल्या मंडळाने एकदा नाटक बसवलं. इतकं रटाळ, की नटांच्या आयासुद्धा उठून गेल्या! अप्पा बसले. शेवटी पडदा ओढणारा हात जोडून म्हणाला, "अप्पा, तुम्ही उठलात तर आम्हालाही जाता येईल!"

पण मंडळी, अशा माणसाचे डोळे अधू झाले हो! माणूस दिसायचा, अक्षर दिसेना. बायको, इंदूकाकू, आधीच गेलेली. मुलगा श्रीरंग बोटीवर नोकरीला, महिनोन् महिने समुद्रात. घरात माणसं दोन — अप्पा आणि सून मुक्ता. दिवसभरात बोलणं किती? "अप्पा, चहा?" — "ठेव." "अप्पा, पानं घेतली." — "आलो." संपलं! बाकी वेळ अप्पा भिंतीकडे तोंड करून खुर्चीत. आपला आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटायला लागला होता.

एका दुपारी मुक्ता पडवीत पुस्तक वाचत होती. एकदम किंचाळली, "अगं बाई!"

अप्पा दचकले. "काय गो? विंचू?"

"नाही हो अप्पा, ड्रॅगन!"

हसा, हसा! आग ओकणारा, पंखांचा, देवळाएवढा प्राणी. त्याने राजपुत्राला उचलून कड्यावरून खाली टाकलेलं. मुक्ताने सहज ते पान मोठ्याने वाचलं. अप्पांची खुर्ची भिंतीकडून वळली. दुसरं पान — खुर्ची पुढे सरकली. तिसऱ्या पानाला अप्पांनी विचारलं, "हे किती अध्यायांचं आहे?"

"सात खंडांचं, अप्पा."

"वा! आणि समाप्ती?"

मुक्ताची जीभ अडखळली. "पाचच निघालेत. पाचवा येऊनही बरीच वर्षं झाली. लेखक म्हणतो, लिहितोय."

आपल्या घाटातल्या रस्त्यासारखं — काम चालू आहे, वाहने सावकाश हाका! अप्पांची खुर्ची परत भिंतीकडे. "ज्याची समाप्ती नाही, ती पोथी मी लावत नाही."

पण मन ऐकतंय होय? दुसऱ्या दिवशी अप्पा पाणी प्यायला उठले. "मुक्ता, तो पडलेला मुलगा... वाचला का गो? नाही, सहज विचारतो." संध्याकाळी परत पाणी! "त्याच्या आईला कळलं का? सहज हो!" माणूस दिवसभर पाणी पितोय आणि सहज विचारतोय!

शेवटी मुक्ता वैतागली. "अप्पा, पहिल्यापासून ऐका ना माझ्याबरोबर! नियम, नियम काय करताय? खरं काय ते सांगा."

अप्पांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. मग हळूच म्हणाले, "सातवा खंड येईल तेव्हा मी असेन का गो? इतकी माणसं जिवाला लावून घ्यायची... आणि मधेच उठून जायचं. मला भीती वाटते."

पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण खमकी हो! डोळे पुसले, देवघरातून अप्पांची जुनी पोथी आणली, त्यांच्या मांडीवर ठेवली. "अप्पा, सासूबाई सांगायच्या, समाप्तीच्या दिवशी शेवटची ओवी झाली की तुम्ही काय करायचात?"

"करायचं काय? पुन्हा पहिला अध्याय उघडायचा, चार ओव्या वाचायच्या. पोथी संपवून उठू नये, लावून उठावं. रीतच आहे ती."

"म्हणजे जन्मभर तुम्ही प्रत्येक पोथी अर्ध्यावर सोडूनच उठलात की!"

अप्पांनी मांडीवरच्या पोथीवरून हात फिरवला. मंडळी, एवढ्या पोथ्या सांगणारा माणूस — पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं! आणि मग हसायला लागले. इंदूकाकू गेल्यानंतर पहिल्यांदा! हसता हसता ठसका लागला, या खेपेला खरंच पाणी लागलं. म्हणाले, "आण पाट. पहिला खंड घे. आणि हातपाय धुऊन बस — ड्रॅगन असला म्हणून काय झालं, पोथी ती पोथी!"

लागली पोथी! आज शेजारच्या काशीताई आल्या, उद्या दूधवाला टेकला, आणि बघता बघता पडवी भरली. पाचवा खंड संपला त्या दिवशी अप्पांनी शिरा करायला लावला. शेवटचं वाक्य झालं — राजपुत्र जखमी, वेशीबाहेर शत्रू, आणि पुस्तक बंद! काशीताई म्हणाल्या, "तो मरतो." दूधवाला म्हणाला, "जीभ आवरा, तो गादीवर बसतो!" जुंपली! तेवढ्यात बोटीवरून श्रीरंगचा फोन. "मुक्ता, घरात भांडण कसलं चाललंय?"

"भांडण नाही हो. समाप्ती चाललीय!"

आणि मागून खणखणीत आवाज आला — अप्पांचा! "ती थापा मारत्ये रे! समाप्ती कसली? पहिला खंड घे गो मुक्ता, चार पानं वाच, मग शिरा!"

तुम्ही विचाराल, बुवा, सहावा खंड आला का? नाही! अप्पा आहेत का? आहेत, ठणठणीत! तिसऱ्यांदा ऐकतायत.

मंडळी, बोहल्यावर उभे राहिलात तेव्हा विचारलं होतं का, शेवटचा खंड छापून झालाय का? पोरगं मांडीवर घेतलं तेव्हा? मग आताच कशाला वय मोजता? प्रसाद घ्या, घरी जा. भिंतीकडे तोंड करून कुणी बसलं असेल, तर त्याच्याजवळ बसा, काहीतरी वाचायला घ्या. आणि तो लेखक कुणाला भेटला, तर अप्पांचा निरोप द्या — सावकाश लिही म्हणावं, बाबा. आम्हाला घाई नाही!