समोरून एक फोटो

आल्प्समधल्या त्या गावात नेमबाजीचा दिवस होता. काडतुसं घ्यायच्या रांगेत उभ्या रोझमारीच्या पुढेच म्हातारी आनेलीस मैदानाच्या कारभाऱ्याशी भांडत होती. शेजारी आनेलीसचा नवरा उर्स बंदूक घेऊन उभा.

“पालथं पडून नेम धरणाऱ्याचा फोटो मागूनच काढायचा, बाई. गोळीबाराच्या रेषेपुढे जायचं नाही.”

“चाळीस वर्षं मागूनच काढतेय. अल्बमभर ह्याच्या बुटांचे तळवे आहेत! उद्या हा ऐंशीचा होईल, एकदा तरी तोंड येऊ दे.”

“बंदूक ठेवल्यावर काढा.”

“मग ह्याला नेमबाज कोण म्हणेल? मी लक्ष्याला टेकून उभी राहते. ह्याच्या नेमापासून तीच जागा बिनधोक!”

“पुरे गं, आनेलीस,” उर्स म्हणाला. “काढ मागूनच.”

उर्स रेषेवर पालथा पडला. आनेलीस कॅमेरा घेऊन त्याच्या बुटांमागे उभी राहिली.

“हस ना जरा!”

“हसतोय की मघापासून!”