तुंबलेल्या डोळ्याची माया

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर थोरली जाऊ ताटकळून गेली होती. अखेर धाकटी एक डोळा पुसत डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आली.

“काय म्हणाले?”

“अश्रुवाही नळी तुंबलीय म्हणे.”

“माणसांच्या भाषेत सांग.”

“अश्रुवाही म्हणजे आसवं वाहून नेणारी. डोळ्यातलं पाणी ती गुपचूप नाकात उतरवते. ती तुंबली, की पाणी गालावर.”

“रडू आलं नसलं तरी?”

“हसतानासुद्धा, जाऊबाई.”

“आणि ही तुंबली कधी?”

“झाली की बरीच वर्षं.”

“म्हणजे मामंजी गेले तेव्हा...”

“तेव्हाही.”

“अगं भवाने! सासूबाईंनी तुला पोटाशी धरलं, हीच माझी लेक म्हणाल्या. मी आतल्या आत फुटत होते, तर मला म्हणाल्या दगड! अजून दगडच आहे मी त्या घरात!”

“मी रडतेय असं कुठे म्हणाले होते?”

“नाही तरी कुठे म्हणालीस?”

“जाऊ द्या. आता नळी मोकळी करणारेत.”

जिना चढताना कण्हणारी थोरली उडतच डॉक्टरांच्या दारात पोचली.

“डॉक्टर, हिची मोकळी करताय ना? मग माझी तेवढी बुजवून द्या. एकाच डोळ्याची चालेल.”